दुरुस्त्यांसह मान्य

"आजपासून आठव्या दिवशी या पेटीत एकही फालतू कागद दिसणार नाही. लिहून ठेव," असं म्हणत काकांनी जिन्याखालच्या पत्र्याच्या टपालपेटीचं दार उघडलं.

पेटीने आधी एक सुस्कारा सोडला. मग गाद्यांचा सेल, दातांचा दवाखाना, गालिचे धुणारे, "आदरणीय ग्राहक, आपली खास निवड झाली आहे" असं सांगणारी क्रेडिट कार्डाची सहा पाकिटं, पुन्हा गाद्यांचा सेल आणि एका व्यायामशाळेचं चकचकीत पत्रक असं सगळं घरंगळत आलं आणि काकांच्या चपलांवर विसावलं. काकू दोन पायऱ्या वर उभ्या होत्या. त्यांनी काही लिहून ठेवलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "माझं पत्र आहे का बघा त्यात."

काकूंचं पत्र म्हणजे वाफ्याचं पत्र. नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर नगरपालिकेचा एक मळा आहे. त्याचे लहान लहान वाफे करून बागखातं ते लोकांना लावायला देतं. काकूंनी अकरा वर्षांपूर्वी यादीत नाव घातलं तेव्हा त्यांचा नंबर दोनशे चौदा होता. लोक गाव सोडून गेले, कंटाळले, काही वर गेले, आणि काकू एकेक पायरी चढत गेल्या. मागच्या आठवड्यात बागखात्याचं पत्र आलं: आपण आता पहिल्या क्रमांकावर आहात, वाफा मोकळा होताच वाटपाचं पत्र टपालाने येईल, त्यावर पंधरा दिवसांत सही करून उलट टपालाने पाठवावं, न पाठवल्यास वाफा पुढच्या माणसाला जाईल आणि आपलं नाव यादीच्या शेवटी. हे पत्र सापडलं कुठे, तर गाद्यांच्या सेलच्या घडीत, आणि तेसुद्धा काका तो सेल रद्दीत टाकायला निघाले असताना.

तेव्हापासून काकूंचं लक्ष थाऱ्यावर नव्हतं. भाजी चिरता चिरता त्यांचा हात थांबायचा. "घेवडा उजवीकडे घेऊ या हो. डावीकडे दुपारची सावली येते." ज्या वाफ्याचा अजून पत्ता नाही तिथे सावली कुठून येणार, हे काकांनी कधी विचारलं नाही. कारण काकांनाही ती सावली दिसायची. चांगली लांब, निळसर, टोमॅटोच्या काठ्यांवरून तिरकी पडलेली.

काकांचं हे असंच होतं. ते एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. एकतीस वर्षं प्रूफं तपासत होते. छापखान्यात, आणि पुढे शेजारीपाजारीही, त्यांना सगळे 'लालपेन' म्हणत. आता लोकांना वाटतं की दिवसभर वाचणाऱ्या माणसाला खूप काही कळत असेल. तसं नसतं. मुद्रितशोधक अक्षर वाचतो; अर्थ हा लेखकाचा खाजगी मामला. डोळे ओळीवरून मुंगीसारखे चालत असतात आणि मन खिडकीतून बाहेर पडून कुठल्याशा ढगावर पाय हलवत बसलेलं असतं. काकांनी हृदयविकारावरचे तीन जाडजूड ग्रंथ तपासले होते, पण हृदय नक्की कुठल्या बाजूला असतं याबद्दल त्यांची खात्री नव्हती.

तर पहिला उपाय म्हणून काकांनी पेटीवर पाटी लावायची ठरवली. 'जाहिराती टाकू नयेत' एवढं लिहिलं असतं तर काम भागलं असतं. पण काकांना ते उद्धट वाटलं. संध्याकाळभर बसून त्यांनी आठ मसुदे केले आणि शेवटी जे तयार झालं ते असं: 'या पेटीत जाहिराती, पत्रके, माहितीपुस्तिका व तत्सम छापील मजकूर संबंधित रहिवाशाच्या पूर्वसंमतीवाचून टाकला जाऊ नये, ही नम्र विनंती.' पाटी पेटीपेक्षा मोठी झाली. दुसऱ्या दिवशी त्या पाटीच्या मोकळ्या जागेत कुणीतरी 'खोली भाड्याने देणे आहे' चिकटवलं. तिसऱ्या दिवशी 'मांजर हरवले आहे. रंग करडा, स्वभाव मानी' आलं. काका ते वाचून इतके हळवे झाले की कामावर जाताना अर्धा तास मांजर शोधत हिंडले. चौथ्या दिवशी पेटीत एक पत्रक होतं: 'आपल्या दारावरची पाटी सुबक अक्षरांत करून मिळेल.'

"पाटी लावलीत? संपलं मग!" तळमजल्यावरचे विमावाले म्हणाले. हे गृहस्थ निवृत्त विमा एजंट. सकाळपासून संध्याकाळपर्यंत दारात खुर्ची टाकून बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सल्ला देत. सल्ल्याचा हप्ता घेत नसत, हीच काय ती सुधारणा. "अहो लालपेन, तीस वर्षं लोकांच्या दाराखालून कागद सरकवलेत मी. शत्रूच्या गोटातला माणूस आहे. ज्या दारावर पाटी, तिथे आम्ही आधी टाकायचो."

"का?"

"पाटी लावतो म्हणजे तो माणूस वाचतो. न वाचणाऱ्याच्या घरात टाकून काय उपयोग?"

काकांना हे पटलं आणि लागलंही. "मग काय करू?"

"मुळावर घाव घाला. फोन करा बँकेला."

काकांनी रविवारची सकाळ फोनसाठी राखून ठेवली. बँकेत आधी एका बाईचा आवाज आला. इतका मऊ आवाज काकांशी आजवर कुणी काढला नव्हता. आमच्यासाठी आपला कॉल महत्त्वाचा आहे, असं तो आवाज म्हणाला आणि मग बासरी लागली. बासरी चांगली चाळीस मिनिटं चालली. काका खुर्चीत होते, ऊन गुडघ्यापर्यंत आलं होतं, आणि बासरीच्या प्रत्येक वळणाबरोबर पांढरी पाकिटं थव्याने खिडकीतून आत येत होती, पंख मिटून पलंगाच्या कठड्यावर ओळीने बसत होती. त्यांतलं एक करडं होतं, स्वभावाने मानी. काका त्याला चुचकारणार एवढ्यात एक खराखुरा माणूस म्हणाला, "बोला सर, काय मदत करू?"

"अं? मला तुमची पत्रं नको आहेत," काका दचकून म्हणाले.

"नक्कीच सर. आपला ग्राहक क्रमांक?"

"मी ग्राहक नाही. म्हणून तर नकोत."

"सर, ग्राहक नसाल तर सिस्टिममध्ये आपलं नाव नाही. जे नाव नाहीच ते काढणार कसं?"

"अहो, मग पत्रं कुणाच्या नावावर येतात?"

"आपल्याच, सर. पण ती यादी वेगळ्या खात्याकडे असते. त्यांच्याकडे फोन नाही. ते फक्त पत्रं पाठवतात." माणूस भला असावा. तो पुढे म्हणाला, "असं करतो सर, पत्रं बंद करायचा फॉर्म आपल्याला पाठवून देतो."

"कसा?"

"टपालाने."

तो फॉर्म आला असणार. पण बँकेच्या इतर पाकिटांसारख्याच पाकिटात आला असणार, आणि ती पाकिटं काका न उघडता रद्दीत टाकत होते. हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा रद्दीवाला कोपऱ्यावरून वळून गेला होता. काका चपला न घालता कोपऱ्यापर्यंत धावले आणि परत येताना, आपण व्यायामासाठी धावत होतो असा चेहरा करून विमावाल्यांसमोरून गेले.

"व्यायामशाळेचं पत्रक मलाही आलंय," विमावाले म्हणाले. "पण ऐका. त्या पाकिटात उत्तराचं एक कोरं पाकीट असतं, बघा. तिकिटाचा खर्च त्यांच्या माथी. त्यांचंच पत्र त्याच पाकिटात घालून त्यांनाच परत करा. रोज चार गेली की ताळ्यावर येतील."

ही युक्ती खरोखर चांगली होती. दुसऱ्या कुणाच्याही हातून ती यशस्वी झाली असती.

पण छापलेला कागद हातात आला आणि पेन खिशातच राहिलं, असं काकांच्या आयुष्यात घडलं नव्हतं. पाकिटात घालण्यापूर्वी त्यांनी पत्रावरून सहज नजर फिरवली. 'आपली खास निवड झाली आहे' हे एका पानात तीन वेळा आलेलं. काकांनी दोन ठिकाणी काट मारली आणि समासात लिहिलं: 'पुनरुक्ती. वाचकाला संशय येतो.' दुसऱ्या परिच्छेदात 'स्वप्नांना पंख' होते. तिथे लिहिलं: 'पंख नको. काय मिळणार ते सरळ सांगा.' शेवटचं वाक्य त्यांनी उचलून पहिलं केलं. मागच्या बाजूला नाव-पत्त्याचे रकाने होते, त्यांत पत्त्याची मांडणी चुकलेली. ती नीट दिसावी म्हणून नमुन्यादाखल स्वतःचं नाव आणि पत्ता घातला. आणि मग, एकतीस वर्षं प्रत्येक प्रुफाच्या तळाशी जे करत आले तेच त्यांच्या हाताने केलं. हाताने म्हणतोय, कारण काका त्या वेळी ढगावर होते. तळाशी 'दुरुस्त्यांसह मान्य' असं लिहून त्याखाली झोकदार सही केली आणि तारीख घातली.

अशी त्यांनी अकरा पत्रं परत केली.

दोन आठवड्यांनी एक जाड पाकीट आलं. आत कार्ड होतं. निळं, गुळगुळीत, त्यावर काकांचं नाव उठावदार अक्षरांत. काकांनी आधी नाव तपासलं. बिनचूक होतं. मग ते खुर्चीत बसले.

"हे काय?" काकूंनी विचारलं.

"कार्ड आहे."

"तुम्ही तर नको म्हणून कळवत होतात ना?"

"कळवलं होतं."

"कसं कळवलं होतंत?"

काकांनी सांगितलं. काकूंनी हातातली वाटी हळूच ओट्यावर ठेवली. "म्हणजे नाव लिहिलंत, पत्ता लिहिलात, मान्य म्हणालात आणि सही केलीत."

"दुरुस्त्यांसह," काका म्हणाले.

कार्ड बंद करायला पुन्हा फोन, पुन्हा बासरी. बंद करायचं असेल तर आधी चालू करावं लागेल, सर. काकांनी फोन ठेवला आणि कात्रीने कार्डाचे चार तुकडे करून ते देवळातल्या प्रसादासारखे ओंजळीत धरून केरात टाकले. पण खरी गोष्ट पुढेच आहे. कार्डाबरोबर एक चिठ्ठी होती. बँकेत ही पत्रं लिहिणाऱ्या कुणा बाईंनी हाताने लिहिलेली. 'आपल्या सूचना फार उपयोगी पडल्या. सर्व दुरुस्त्या करून नवं पत्र तयार केलं आहे. प्रत सोबत जोडली आहे.'

काकांनी ती प्रत उघडली. सगळ्याच्या सगळ्या दुरुस्त्या घेतल्या होत्या! एकही सुटली नव्हती. पंख गेले होते. एकतीस वर्षांत एकाही लेखकाने काकांचं इतकं ऐकलं नव्हतं; एका कवीने तर अंगावर शाई उडवली होती. काका पत्र घेऊन गॅलरीत गेले आणि बराच वेळ उन्हात नुसते उभे राहिले. "ऐक ना," ते आत येऊन म्हणाले, "कसं वाहतंय बघ." आणि त्यांनी क्रेडिट कार्डाचं पत्र काकूंना मोठ्याने वाचून दाखवलं.

"छान आहे," काकू म्हणाल्या. "माझं पत्र कधी येईल हो?"

नव्या पत्राचा गुण आठवड्याभरात दिसला. आजवर लोक ती पाकिटं न फोडता फेकत. आता फोडून वाचू लागले. जिन्यात थांबून एकमेकांना दाखवू लागले. विमावाल्यांनी स्वतः, म्हणजे शत्रूच्या गोटातल्या या मुरलेल्या माणसाने, दोन कार्डं मागवली. "अहो, काय पत्र लिहिलंय!" ते काकांनाच सांगत होते. "घरातलं माणूस बोलल्यासारखं. मी तीस वर्षांत असं लिहू शकलो नाही." काकांना मान खाली घालावी की वर करावी ते कळेना. शेवटी त्यांनी ती तिरकी ठेवली. बँकेला यश आलं म्हणताच बाकीच्या बँकाही पत्रं वाढवू लागल्या. आठव्या दिवसाचा शब्द कधीच मागे पडला होता. पेटी आता दिवसातून दोनदा रिकामी करावी लागे आणि काकू प्रत्येक वेळी एकेक कागद झटकून, घड्या उलगडून, कानाशी धरून बघत. कानाशी का, ते त्यांनाच ठाऊक.

"एवढं सगळं इथेच कसं येतं?" काका पोस्टमनवर खेकसले.

"काका, माझ्या खांद्याला विचारा," पोस्टमन म्हणाला. "पोस्टात एक फॉर्म असतो. नको असलेलं टपाल नाकारायचा. तेवढा भरून टाका ना. मीही सुटेन, तुम्हीही सुटाल."

काका दुसऱ्याच दिवशी पोस्टात गेले. काउंटरवरच्या बाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि चार पानी फॉर्म पुढे केला. "नीट वाचून सही करा. मागाहून तक्रार चालणार नाही."

नीट वाचा, हे मुद्रितशोधकाला सांगायचं! काकांनी बाकावर बसून फॉर्म वाचायला घेतला. पहिलं पान झालं, एकही चूक नाही. दुसरं झालं. तिसऱ्या पानावर काकांचा श्वास जरा जलद झाला. पोटकलमांचे आकडे सरळ रेषेत, समास सारखा, कुठे शाई पुसट नाही. चौथं पान संपलं तेव्हा काकांचे डोळे भरून आले होते. सरकारी कागद, चार पानं, आणि पेन टेकवायला जागा नाही! या जगात कुठेतरी, कुठल्यातरी टेबलाशी, आपल्यासारखाच एक माणूस बसलेला आहे. काकांनी त्या अनोळखी माणसाला मनोमन नमस्कार केला आणि सही ठोकली.

फॉर्मात काय लिहिलं होतं म्हणता? ते त्या माणसाला माहीत.

दुसऱ्या दिवसापासून पेटी रिकामी. काका संध्याकाळी कामावरून आले, दार उघडलं, आणि आत फक्त काळोख होता. स्वच्छ, थंड, चौकोनी काळोख. तिसऱ्या दिवशी तिथे एक बारीक कोळी आला. काकांनी त्याला जाळं विणू दिलं. फटीतून येणारा उन्हाचा कवडसा त्या जाळ्यावर पडला की एकेक धागा चमके आणि काका पेटीसमोर देवळात उभं राहिल्यासारखे उभे राहत. "या लालपेनांनी करून दाखवलं बरं का," विमावाले येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई पेटी बघायला मुद्दाम खाली आल्या. नऊ दिवस काकांची चाल बदलली होती. पाऊल जमिनीवर पडे, पण जमिनीला ते कळत नसे.

दहाव्या दिवशी काकू म्हणाल्या, "बिलंसुद्धा आली नाहीत हो या वेळी."

"बघ!" काका म्हणाले.

"अहो, बिलं. ती फालतू नसतात." काकूंनी हात पदराला पुसले. मग अगदी हळू म्हणाल्या, "तुम्ही काय काय नाकारलंय?"

काकांनी फॉर्मची प्रत काढली. काकूंनी चष्मा लावला. काकू साध्या गृहिणी; अक्षरं बघायची सवय नाही, वाचलं की थेट अर्थच कळतो. दुसऱ्या पानावर त्यांचं बोट थांबलं. "'ज्या टपालावर पत्ता हाताने न लिहिता छापील असेल, असे सर्व टपाल, सदर घरातील सर्व व्यक्तींच्या वतीने.'" त्यांनी चष्मा काढला. "बागखात्याच्या पत्रावर पत्ता छापील असतो."

स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता. काकांना त्या क्षणी घेवड्यावरची ती सावली दिसली. ती सरकत सरकत दुसऱ्याच कुणाच्या वाफ्यात गेली.

पोस्टातल्या बाईंनी वही उघडून सांगितलं, "हो, बागखात्याचं एक होतं. परवा परत गेलं. तुमच्या फॉर्मची नक्कल जोडून आणि शेरा मारून. 'घेणाऱ्याने नाकारले.'"

"आणि बाकीचं? बँकांचं?"

"ते मागच्या खोलीत पडून आहे. जाहिरातींवर परतीचा पत्ता नसतो ना. परत करणार कुणाला?"

म्हणजे जे नको होतं ते सगळं सुखरूप होतं.

काकू तिथून थेट बागखात्यात निघाल्या. काका मागे. अकरा वर्षांत काकू इतक्या भराभर चाललेल्या काकांनी पाहिल्या नव्हत्या. बागखात्याच्या कारकुनाच्या टेबलावर निवडुंगाची एक कुंडी होती आणि चेहऱ्यावरही साधारण तोच भाव. त्याने फाइल काढली. "नाकारलंत तुम्ही. शेरा स्पष्ट आहे. आता तुमचा नंबर," त्याने बोटाने यादी खाली खाली नेली, "तीनशे सहा."

काका पुढे झाले. "हे पाहा, चूक माझी आहे. मी तो फॉर्म..."

"तुम्ही गप्प बसा," काकू म्हणाल्या. लग्नानंतर हे त्या पहिल्यांदाच बोलल्या आणि तेही परक्या माणसासमोर. मग त्या कारकुनाकडे वळल्या. "अर्ज कुणाच्या नावावर आहे, भाऊ?"

"आपल्या."

"नाकारल्याची सही कुणाची?"

कारकुनाने कागद उलटा केला, सुलटा केला. "यांची."

"मी अकरा वर्षं वाट बघितली. यांनी नाही. मग नाकारणारे हे कोण?"

कारकुनाने कपाटातून नियमांचं पुस्तक काढलं. बोट ओलं करून पानं उलटली. निवडुंगाला जणू अचानक कळी आली. "बरोबर आहे, बाई. अर्जदाराचीच सही लागते. यांची सही इथे कशालाच चालत नाही."

काका भिंतीवरचा खतांचा तक्ता वाचू लागले.

"मग द्या पत्र," काकूंनी हात पुढे केला.

"हातात नाही देता येत. टपालानेच जातं. आणि पंधरा दिवस पहिल्या पत्राच्या तारखेपासून मोजतात. म्हणजे उरले," त्याने बोटं मोजली, "सहा."

"अहो, ते तुमच्या समोर पडलंय!"

"दिसतंय मला. नियम आहे, बाई. आज टाकतो पेटीत, तेवढं माझ्या हातात."

काका धावत पोस्टात गेले आणि नकार रद्द करायचा फॉर्म भरला. या वेळी काकूंनी वाचला, काकांनी फक्त सही केली. नकार रद्द झाल्याबरोबर नियमाप्रमाणे मागच्या खोलीत साठलेलं सगळं टपाल रवाना झालं, आणि बागखात्याचं ताजं पत्र त्याच घराचं म्हणून त्याच पोत्यात पडलं. तिसऱ्या दिवशी पोस्टमन तीन पोती घेऊन आला. त्याने ती दारात ठेवली आणि काकांकडे न बघता पाणी मागितलं.

पोती बैठकीच्या खोलीत रिकामी केली. आधी जमीन गेली, मग टेबलाचे पाय, मग दिवाणाचा काठ. सकाळच्या उन्हात सगळी खोली पांढरीशुभ्र झाली. पंखा लावला तेव्हा वरची पत्रकं अलगद उठली आणि परत बसली, पुन्हा उठली, पुन्हा बसली. विमावाले मदतीला आले आणि पहिल्याच पाकिटापाशी रमले. "वा! हे वाक्य ऐका."

"तुम्ही वाचू नका," काकू म्हणाल्या. "कुणीच वाचू नका. नुसते बाजूला करा."

काकू मधोमध फतकल मारून बसल्या होत्या. त्यांनी पाकिटांच्या ओळी लावल्या. बँकांची एक, गाद्यांची एक, दातांची एक, मधे जायला वाट. ओळ सरळ नसली की मागे सरून डोळे बारीक करून बघत आणि हाताने नीट करत. काकांनी दारातून पाहिलं तर खोलीत वाफेच वाफे पडले होते आणि काकू उकिडव्या बसून त्यांच्यातून पुढे सरकत होत्या. काकांना वाटलं, हा दिवस असाच लांबत जावा. पण बोलले नाहीत. आजकाल विचारल्याशिवाय बोलत नसत.

दुपारी, ऊन भिंतीवर गेल्यावर, काकूंच्या हाताला एक खाकी पाकीट लागलं. त्यांनी ते उघडलं नाही. आधी पदराने पुसलं.

"आलं?" काकांनी विचारलं.

"आलं."

"बघू."

"नाही," काकूंनी ते पाकीट पर्समध्ये घातलं आणि पर्सची चेन लावली. सही त्यांनी शेजारच्या खोलीत, दाराला कडी लावून केली. ते पत्र पोस्टात टाकायलाही त्या स्वतः बागखात्याच्या फाटकाशी असलेल्या लाल पेटीपाशी गेल्या. पत्र टाकलं आणि पेटीशेजारीच उभ्या राहिल्या. दीड तासाने पोस्टमन आला, त्याने पेटी उघडली, पत्रं पिशवीत भरली आणि पंचवीस पावलं चालून बागखात्यात दिली. कारकुनाने खिडकीतून मान बाहेर काढून सांगितलं, "मिळालं, बाई." मगच काकू घरी यायला वळल्या.

वाफा मिळाला. बेताचाच, पण नदीच्या अंगाला, आणि डावीकडे दुपारची सावली खरोखरच येत होती. पहिल्या सकाळी काकूंनी चपला कडेला काढून ठेवल्या आणि मातीत पाय रोवून नुसत्या उभ्या राहिल्या. माती ओली होती. काका फाटकाशी थांबले होते. आत यायचं की नाही, याबद्दल त्यांना अजून काही सांगण्यात आलं नव्हतं.

"या ना," काकू म्हणाल्या. "घेवडा कुठे लावू या?"

"तू म्हणशील तिथे."

शेजारच्या वाफ्यातल्या आजींनी काकूंना बियाण्याच्या एका दुकानाचं कूपन दिलं. छोटंसं होतं. नाव, पत्ता, आणि 'आपल्याला कशाची आवड आहे' या प्रश्नाखाली पस्तीस चौकोन. काकूंनी तिथेच बांधावर बसून सगळ्या चौकोनांत खुणा केल्या. फुलं, भाज्या, वेली, खतं, झाऱ्या, हरितगृहं, उद्यानविषयक सहली, आणि आमच्या सर्व सहयोगी संस्थांची माहिती घरपोच हवी.

मंगळवारी पेटीचं दार बिजागरीसकट निखळून पडलं.